बायचे वाल आणि दोन खतांचा तह

आमच्या वालाची कीर्ती तुमच्या कानावर आली नसेल तर तो दोष वालाचा नाही, कानाचा. माझ्या बापाच्या शेतातली शेंग सोलली की शेजारच्या गावातली माणसं पुढ्यातलं ताट बाजूला सारून नाक वर करायची. खाडीतल्या होड्या वाट वाकडी करून आमच्या बांधाला लागायच्या. एकदा एक साहेब कसल्याशा चौकशीला आलेला. त्याने आमच्याकडे वालाचं बिरडं खाल्लं, चौकशी विसरला आणि पुढे आमच्याच आळीचा जावई झाला. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते मी सांगणार नाही.

जमीन कोलशेतला, खाडीच्या अंगाला. आता तिथे जाऊन जमीन शोधायची असेल तर मान वर करावी लागते, कारण तिला लिफ्ट लागल्या आहेत. दोन टॉवरांच्या मध्ये दोन गुंठ्यांचा एक तुकडा तेवढा उरला. तो कुणाच्या नकाशात नीट बसेना, म्हणून माझ्याकडे राहिला. मी त्याला शेत म्हणतो. बाकीचे त्याला "काकांचा प्लॉट" म्हणतात आणि बघता बघता गाडी लावतात.

माझी थोरली बहीण कोपरला दिली. आम्ही तिला बाय म्हणतो. वाटण्या झाल्या तेव्हा आम्ही भाऊ ठाण्याला कचेरीत गेलेलो. बायनेही येऊन मुकाट सही केली आणि हक्क सोडला. बाहेर आल्यावर म्हणाली, "मना बापाच्या वालाचं बी द्या." आम्ही हसत हसत डबा भरून दिला. ती तो घेऊन कोपरला गेली आणि घरामागच्या वाफ्यात वर्षानुवर्षं तेच वाल लावत राहिली. पुढे त्या वाफ्यावरही बिल्डिंग आली. मग डबा राहिला, माती राहिली नाही. वाल राखेत घालून ठेवायची आणि दरवर्षी त्यातले थोडे भिजवून बघायची. दरवर्षी मोड कमी.

या भाऊबीजेला तिने मला ओवाळलं. मी साडीची पिशवी पुढे केली, तिने ती बाजूला ठेवली आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"यंदा पेर. पुढच्या साली यातलं एक उगवायचं नाय."

"आणि नाही आलं तर?"

"मूठभर मी ठेवलंय. त्याचं बिरडं करीन नि खाऊन टाकीन. मग कोणी विचारलं, माहेराहून काय आणलंस, तर ढेकर देईन."

हे ती हसत म्हणाली, पण डब्यावरून हात काही लवकर उचलला नाही. मी म्हणालो, "बाय, तू निर्धास्त राहा. मी जन्मभर केमिकल कंपनीत काढला. खत म्हणजे माझ्या हातचा मळ." कंपनी कपड्याचे रंग बनवायची आणि मी बॉयलरवर होतो, पण आनंदाच्या प्रसंगी तपशिलात शिरू नये.

आधी जमीन साफ केली. तिच्यातून विटा-सिमेंटचं एवढं राबीट निघालं की त्यात आणखी एक टॉवर उभा राहिला असता. मी बिल्डरच्या माणसाला तसं विचारलंही. तो क्षणभर विचारात पडलेला. मग मला राब आठवला. पावसाआधी भाताची रोपं टाकायच्या जागेवर बाप पालापाचोळा, फांद्या, शेणी रचून पेटवायचा, त्याला आमच्याकडे राब भाजणं म्हणतात. हे भातासाठी आणि उन्हाळ्यात करायचं. पण मी म्हटलं, माती ती माती, तिला काय कॅलेंडर कळतं. दोन्ही सोसायट्यांच्या बागांतला पाचोळा जमवला, तबेल्यातून शेणी आणल्या आणि एका सकाळी दिली काडी.

धूर झाला. थोडा झाला असं मी म्हणेन. टॉवरवाले म्हणतात की वरच्या मजल्यावरच्यांना समोरची खाडी दिसेनाशी झाली. कुणीतरी फोन केला आणि अग्निशमनची गाडी घंटा वाजवत माझ्या बांधाला येऊन ठेपली. अंगावर झोपायचे कपडे, हातात पोथ्या, पासपोर्ट आणि एकाच्या काखेत मिक्सर, अशी सगळी सोसायटी जिन्याने खाली. गाडीतला जुना माणूस आमच्याच बाजूचा निघाला. पाण्याचा फवारा मारता मारता म्हणाला, "काका, राब भाजायचा तर टॉवर बांधायच्या आधी भाजायचा."

गर्दीतून एक बाई पुढे आल्या. चष्मा, कॉटनची साडी, आणि आवाज असा की मागच्या बाकावरचाही सरळ बसेल. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी, कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेल्या.

"हे काय चाललंय?"

"राब भाजतोय, मॅडम. वाल लावायचेत."

"वाल लावायचेत की भाजायचेत, ते एकदा ठरवा."

मी त्यांना बायची, डब्याची सगळी हकीकत सांगितली. थोडी वाढवून सांगितली. जावई झालेला साहेब तेव्हाच पहिल्यांदा जन्माला आला. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला बेसमेंटमध्ये नेलं. तिथे खताच्या गोणी छतापर्यंत. ओल्या कचऱ्याचं खत सोसायटीनेच करायचं असा नियम आला, मशीन आलं, खतही होऊ लागलं. ते न्यायचं कुणी, एवढंच राहून गेलेलं. मॅडम दर मीटिंगला त्याबद्दल शिव्या खात होत्या.

"हवं तेवढं न्या," त्या म्हणाल्या. "अट एकच. त्या मातीत रासायनिक खताचा एक दाणा पडता कामा नये."

"पण मॅडम, तुम्ही तर केमिस्ट्री शिकवायचात."

"म्हणूनच."

मी गोण्या वाहिल्या. शेजारच्या टॉवरचा वॉचमन अजून सांगतो की काका एका वेळी चार गोण्या उचलत होते. मी त्याला अडवत नाही. खत मात्र जरा ताजं होतं. हात घातला तर चटका. मी त्यात एक अंडं पुरून ठेवलं, दुपारी उकडून निघालं. बायकोने चव घेऊन सांगितलं, मिठाची गरज नाही. वीसेक मजल्यांची लोणची, पापड आणि उरलेली आमटी त्या खतात होती, मीठ कसं कमी पडेल.

तरी पेरलं. राखेतले वाल, बोटाने ढकलून, एकेक. काही उगवले, काही नाही. जे उगवले त्यांनी दोन पानं काढली आणि रुसले. पिवळी पडली पानं, कडा करपल्या. मी रोज सकाळी जाऊन त्यांच्यापुढे उकिडवा बसायचो. मॅडम सहाव्या मजल्याच्या गॅलरीतून सांगायच्या, "वेळ द्या. निसर्गाला घाई नसते."

निसर्गाला नसेल. बायला होती. दर दोन दिवसांनी फोन. "कसे हाएत?" मी म्हणायचो, "अगं, सोन्यासारखे." रंगापुरतं ते खरंच होतं.

शेवटी मी कल्याणला जाऊन युरिया घेऊन आलो. आता अडचण मॅडमच्या गॅलरीची. पण बॉयलरवर काम केलेल्या माणसाला कोन कळतात. गॅलरीतून निम्मंच शेत दिसायचं; निम्मं शेजारच्या टॉवरच्या आडोशाला. दिसणाऱ्या निम्म्याला मी हात लावला नाही, दिलेला शब्द पाळला. न दिसणाऱ्या निम्म्यात भाताला फेकतात तसा मुठीमुठीने युरिया फेकला. भाताच्या हाताला दुसरं माप माहीत नव्हतं.

पुढे जे झालं त्याला साक्षीदार आहेत. आडोशाच्या निम्म्यात वेल असे सुटले की मी संध्याकाळी एका ठिकाणी उभा राहून बिडी ओढली, तर निघताना पाय सोडवावा लागला. एका खाण्याच्या डिलिव्हरीवाल्याने कुंपणाला बाईक टेकवली, वर जाऊन आला, तोपर्यंत हँडलला वेल. बकऱ्या आत शिरल्या आणि वाट चुकल्या. पानं हाताएवढी, हिरवीगार. मी छाती काढून फिरायचो आणि बायला फोन केला, "ये, बघून जा."

बाय आली. आधी पिवळं निम्मं बघितलं. मग आडोशाला गेली. पानं बाजूला करून वेल वरून खाली, खालून वर तपासला, दुसरा तपासला, तिसरा.

"पाला छान हाय. बकऱ्या पाळल्यास?"

"बाय, अजून वेळ आहे."

"बापाच्या वालाला एव्हाना कळ्या लागायच्या. थंडी काय तुझ्यासाठी थांबणार हाय?"

तिने हात झटकले. मी चहा घे म्हटलं, नको म्हणाली. रिक्षेत बसताना म्हणाली, "काय नाय रे. तू केलंस तेवढं." बाय रागावते तेव्हा मला भीती वाटत नाही. ती समजूत काढते तेव्हा वाटते. घरी जाऊन ती त्या मूठभर वालाचं काय करणार ते मला दिसत होतं.

मी तसाच बांधावर बसलेलो असताना मॅडम खाली आल्या, हातात कुंडीतली खुरपणी. सरळ आडोशाच्या निम्म्यात गेल्या आणि एक वेल मुळासकट काढला. माती झटकली. मुळं धुतल्यासारखी स्वच्छ.

"यांच्यावर गाठी हव्यात," त्या म्हणाल्या. "वालाच्या मुळांवर छोट्या गाठी असतात, त्यात जिवाणू राहतात. हवेतला नायट्रोजन धरून ते वालाला पुरवतात. आयता डबा रोज दारात येत असेल तर घरात गॅस कोण पेटवेल? यांना एवढा नायट्रोजन कुणी दिला?"

"खाडीचं वारं असतं, मॅडम."

"वाऱ्याला युरिया कुठल्या दुकानात मिळाला?"

मी बिडीसाठी खिसे चाचपू लागलो.

"मला गॅलरीतून दिसत नव्हतं, म्हणून मी जिन्याच्या खिडकीतून बघत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही मुठी भरत होतात तेव्हाच ओरडणार होते."

"मग ओरडला का नाहीत?"

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "मला वाटलं, माझं निम्मं जिंकेल. मग बोलू."

मग त्यांनी स्वतःच्या निम्म्यातला वेल उपटला. त्यावर गाठी होत्या, पण मोहरीएवढ्या. एक नखाने फोडली, आत फिकट. "आतून लालसर असायला हवी. म्हणजे ती कामाला लागलेली असते. माझं खत कच्चं होतं. कुजायला स्वतःलाच नायट्रोजन लागत होता, तो यानेच खाल्ला. वर मीठ." हे वाक्य म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला की मी सहानुभूती म्हणून बिडी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

तिथेच बांधावर तह झाला. मी मुठी सोडायच्या, त्यांनी "एक दाणा नाही" सोडायचं. तळघरात अगदी मागे जुन्या गोण्या होत्या, पूर्ण कुजलेल्या, मातीचा वास येणाऱ्या. ते खत चाळून घ्यायचं. त्याखाली सुपर फॉस्फेट, कारण वालाला मुळं आणि गाठी धरायला फॉस्फरस लागतो, तो त्या खतात बेताचाच. आणि युरिया?

"सुरुवातीपुरता," मॅडम म्हणाल्या. "गाठी कामाला लागेपर्यंत रोपाने उपाशी राहू नये एवढाच. चहात साखर घालतात तसा. तुमच्या चहात नव्हे, माझ्या."

सगळं ठरलं, खत चाळण्यात दोन दिवस गेले, आणि मग दोघांच्याही एकदम लक्षात आलं की बी नाही. होतं ते बायकडे.

मी सकाळी उठून कोपर गाठलं. दार उघडं. बाय ओट्याशी, गॅसवर पातेल्यात पाणी कोमट होत असलेलं, आणि पुढ्यात पंच्याचं गाठोडं. तिने वर न बघता म्हटलं, "आलास? सोलायला बस."

मी गाठोडं सोडलं. वाल रात्रंदिवस भिजून, बांधून, मोड येऊन तयार. काही तसेच मख्ख, पण बऱ्याच जणांनी पांढरे, वाकडे मोड काढलेले. बिरड्याचे वाल असेच करतात, मोड आणायचे, कोमट पाण्यात घालायचे आणि साल काढायची. साल निघाली की संपलं.

"बाय, हे जिवंत आहेत."

"उद्यापर्यंत पोटात असतील."

"अगं, मोड आलेले मातीत जातात. बी पेरून वाट बघायची ते काम तू आधीच केलंस. मेलेले कुठले, जगणारे कुठले, आपोआप वेगळे झाले."

तिने गॅस बारीक केला. बंद नाही केला, बारीक. "तू काय घातलंस त्यांना?"

"युरिया."

"किती?"

"भाताला घालतो तेवढा."

"नि बाप वालाला काय घालायचा?"

"काहीच नाही. भात कापला की त्याच ओलीत वाल टाकायचा, विषय संपला."

"काहीच नाय कसं? भाताला दिलेलं असायचंच ना खाली. राब, शेण, मागून गोणीतलं खत. भात जेवून उठला की वाल त्याच्या ताटात बसायचा." तिने एक वाल उचलला, मोड बघितला. "तुझ्या राबिटात कोण जेवून उठलंय?"

"आता वाढलंय, बाय. मॅडमनी आणि मी मिळून. शेणाचं नाही, भाजीच्या देठांचं, पण चांगलं मुरलेलं. आणि गोणीतलं खालून, बेताने."

तिने हातातला वाल गाठोड्यात परत ठेवला. मग गॅस बंद केला आणि पंचा पुन्हा बांधला. मी हात पुढे केला.

"तुझ्या हातात नाय देणार," ती म्हणाली आणि चप्पल घातली.

कोपरहून कोलशेतपर्यंत ती ओलं गाठोडं मांडीवर धरून आली, बाळंतिणीसारखी. रिक्षावाल्याने खड्डे चुकवले, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असावं. बसमध्ये एका बाईने विचारलं, काय आहे हो त्यात. बाय म्हणाली, "माझं माहेर." त्या बाईने उठून जागा दिली.

शेतात मॅडम चाळलेलं खत, मोजायचा चमचा आणि कसलंसं काळं पाकीट घेऊन तयार होत्या. दोन निम्म्यांच्या मधोमध एक पट्टा मी खणून ठेवला होता, जिथे त्यांचंही फारसं पडलं नव्हतं आणि माझंही. तळाला सुपर फॉस्फेट, वर माती, वर खत. पाकिटात तेच गाठींचे जिवाणू होते. गुळाच्या पाण्यात कालवून त्यात वाल बुडवायचे होते.

"मास्तरीणबाय, हे कालं कशाला लावताव?" बाय म्हणाली.

"या मातीत ते असतीलच याची खात्री नाही. वाल इथे बऱ्याच वर्षांत लागले नाहीत ना."

"तुमची मात्रा बरी हाय. पण मोड मोडला तर मी तुमचा हात मोडीन."

"मग तुम्हीच बुडवा."

बायने बुडवले. मोड खाली करून लावलेही तिनेच. आम्हा दोघांना पाणी आणायला ठेवलं. मॅडमनी युरिया चमचा सपाट करून टाकला. मी म्हटलं, अजून जरासा. दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी पाणी आणायला गेलो.

उशिरा लावलेले वाल. थंडी सरत आलेली, माझी बढाईही सरत आलेली. पण ते रोप वर आलं ते मान टाकून नाही आलं. पानं ना हाताएवढी, ना पिवळी. कितीक दिवसांनी मॅडमनी कडेचं एक रोप काढून गाठ फोडली आणि आत लाल निघालं, तेव्हा त्यांनी ती गाठ मला, वॉचमनला, लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येकाला दाखवली. मग फुलं आली. मग शेंगा. आणि शेंगा किती, तर वेल दिसेना. पोपट ठाण्याहून आले, मुलुंडहून आले, एक तर बोलणारा होता, कुणाच्या पिंजऱ्यातून सुटून आलेला. मी दिवसभर बुजगावणं होऊन उभा राहायचो. आता हेही निम्मं खरं. पण शेंगांचं सगळं खरं आहे, विचारा कुणालाही.

सोसायटी खाली उतरू लागली. या वेळी मिक्सर न घेता. "काका, थोड्या शेंगा मिळतील? मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावू या का?" माझ्या तोंडालाही पाणी सुटलेलं. बायने रिक्षाने येऊन पट्ट्याभोवती सुतळी बांधली आणि जाहीर केलं, हिरवी शेंग कोणी तोडायची नाय. वेलावर वाळेल, आत खुळखुळेल, तवा काढायची. कडेच्या दोन्ही निम्म्यांना उशिराने थोड्या शेंगा लागल्या होत्या, माझ्या बाजूच्या वेलांचे शेंडे खुडले आणि पाणी तोडलं तेव्हा कुठे. त्या तिने सगळ्यांना खायला सोडल्या. पोपटी त्याच शेंगांची झाली. मॅडमनी मडक्यात शेंगांभोवती घातलेला भांबुर्ड्याचा पाला हुंगून विचारलं, याला खत कुठलं.

काढणीच्या दिवशी वेल उपटू लागलो तर मॅडमनी हात धरला. "कापा. मुळं आत राहू देत. पुढचं पीक त्यावर जगेल." बाय म्हणाली, "ऐक तिचं." बायने दुसऱ्या कुणाचं ऐकायला सांगावं, अशी वेळ आमच्या घरात कधी आली नव्हती.

मग सोसायटीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या गच्चीवर, चादर घालून दोघी शेंगा फोडत बसल्या. बाय प्रत्येक मूठ उन्हात पसरायची, संध्याकाळी त्यातला एक वाल दाढेखाली धरायची आणि म्हणायची, "अजून ओला हाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी म्हटलं, माझ्या दाढेवर बघ, माझी दाढ पोलादी. तिने लक्ष दिलं नाही. मग एका संध्याकाळी तिने चावला, आणि कट असा आवाज आला की मला बांधावरून ऐकू आला. तिने तो दुभंगलेला वाल तळहातावर घेऊन मॅडमना दाखवला आणि हसली. भाऊबीजेपासून पहिल्यांदा.

तिने वालाचे तीन ढीग केले. बिरड्यासाठी एकही वाल नाही. एक ढीग कोपरच्या डब्यात. एक मॅडमच्या ओटीत.

"मला?" मॅडम म्हणाल्या. "अहो, मी सहाव्या मजल्यावर राहते."

"म्हणून काय झालं. एकाच घरात ठेवलं की एकाच माणसाच्या अकलेवर राहतं."

तिसरा ढीग तिने माझ्यासाठी बरणीत भरला, वर चाळलेली राख ओतली, झाकण घट्ट लावलं, आणि मॅडमकडून सेलोटेप मागून घेऊन त्या झाकणाभोवती इतके वेढे दिले, इतके वेढे दिले, की पुढच्या पेरणीला ते उघडायला मला अग्निशमनचीच गाडी बोलवावी लागणार आहे.